लाल मातीचा गुन्हेगार

जपानच्या दक्षिणेकडच्या ताबारू बेटावर आनिया सेइतोकूंचा आवाज आधी पोचायचा आणि मागून ते स्वतः. मच्छीमार सोसायटीचे ते चेअरमन. लिलावात मासळी पुकारून पुकारून गळा असा तयार झाला होता, की घरात नुसतं "मीठ दे" म्हणाले तरी शेजारीण मिठाची बरणी घेऊन दारात उभी राहायची. बायको हात्सुए मात्र कमी बोलायची. "लग्न झाल्यापासून मधे शिरायला फटच सापडली नाही," असं ती सांगे.

सेइतोकूंचा शत्रू एकच, लाल माती. पावसाळा लागला की शेतांतली माती ओहोळातून खाली यायची आणि किनाऱ्याजवळचा समुद्र तांबडालाल व्हायचा. माती पोवळ्यांवर बसायची, पोवळी गुदमरायची आणि मासे दुसरीकडे बिऱ्हाड शोधायचे. एवढं सगळ्यांनाच दिसत होतं. माती कुणाची, यावर मात्र भांडण होतं. सेइतोकूंना शंका अशी कधी नव्हतीच.

"उसवाले! दुसरं कोण?" बंदरावर उभे राहून ते ओरडायचे.

उसवाल्यांचा पुढारी तामायोसे. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. तो म्हणायचा, "अरे, आमची सगळी माती समुद्रात गेली तर ऊस लावू कुठं? तुझ्या टकलावर?"

अशात विद्यापीठातून हिराइवा सेन्सेई, म्हणजे प्राध्यापक बाई, आल्या. पोवळ्यांच्या डॉक्टर आहेत असं कुणीतरी सांगितलं, आणि त्यातला 'डॉक्टर' तेवढा गावानं ऐकला. पहिल्याच सकाळी त्यांच्या दारात दुखऱ्या गुडघ्यांची रांग लागली. बाई सभ्य. प्रत्येक गुडघा नीट पाहून त्या म्हणायच्या, "आजी, हे समुद्राखाली असतं तर मी नक्की काहीतरी केलं असतं."

त्यांचं काम निराळंच होतं. समुद्राच्या तळाशी त्यांनी बरण्या ठेवल्या, ओहोळांत पेट्या बसवल्या आणि प्रत्येक शेतातून चिमूटभर माती नेली. "प्रत्येक उताराच्या मातीतल्या घटकांचा मेळ वेगळा असतो," त्यांनी सभेत सांगितलं. "समुद्रातली माती तपासली की ती कुठून आली ते कळेल. मग नियम करायचा तो त्यावरून करा, एकमेकांच्या तोंडाकडे बघून नको."

सरपंचांना हे पटलं. सेइतोकूंना तर इतकं पटलं, की ते खुर्चीवरच चढले. "माझी एक सूचना लिहून घ्या! ज्याच्या शेतातून सगळ्यात जास्त माती येते, त्यानं होड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, अंगावर सणाचा पोशाख घालून, गुडघाभर पाण्यात उभं राहून पोवळ्यांची मोठ्यानं माफी मागायची. आणि बांधावर माती धरून ठेवणारा वाळा लावायचा, तोही स्वतःच्या हातानं!"

"कुणीही असलं तरी?" तामायोसेनं विचारलं.

"माझा बाप असला तरी!"

टाळ्या पडल्या. सूचना मंजूर झाली.

त्या वर्षी सेइतोकूंनी बाईंना स्वतःच्या होडीतून फिरवलं, बरण्या उचलायला मदत केली. उसाच्या शेतावरून जाताना ते मुद्दाम थांबायचे आणि तामायोसेला म्हणायचे, "पोशाखाला इस्त्री करून ठेव रे!"

निकालाच्या सभेआधी एका दुपारी सेन्सेई त्यांच्या घरी आल्या. उंबऱ्यातच घोटाळल्या.

"चेअरमनसाहेब, सभेत सांगण्याआधी तुम्हाला एकट्याला जरा—"

"नको! मला आधी कळलं तर उसवाले म्हणतील, चेअरमननं निकाल फिरवला."

"पण ऐकून तरी—"

"एक शब्द नको!" त्यांनी कानांवर हात ठेवले.

हात्सुएनं बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्यांना आत बसवून ताटलीत दोन तळलेले गोड वडे वाढले.

सभेला समाजमंदिर गच्च भरलं. एकीकडे मच्छीमार, दुसरीकडे उसवाले. सेन्सेईंनी भिंतीवर नकाशा लावला. पावसाळ्यात ज्या शेतात ऊस उभा असतो तिथून माती फारशी येत नाही, त्या म्हणाल्या. नांगरून उघड्या टाकलेल्या जमिनीतून ती धो धो येते. उसवाल्यांच्या चार शेतांत हेच दिसलं, त्यांना बांध घालावे लागतील. "पण आपल्या ओहोळात एकाच उताराची माती या चारांच्या मातीपेक्षा जास्त आहे."

"नाव घ्या!" सेइतोकू गरजले.

"नाव नको. जागा सांगते. जुन्या विहिरीच्या वरचा उतार."

"ऐकलंत?" सेइतोकू उभे राहिले आणि उसवाल्यांच्या रांगांवरून बोट फिरवू लागले. "कुणाचं शेत आहे ते? आता का मान खाली? हिंमत असेल तर उभं राहा!"

कुणी हललं नाही. मागून हात्सुएचा आवाज आला, "उभेच आहात की तुम्ही."

चेअरमनांचं बोट हवेतच राहिलं.

"ते? ते शेत कुठंय? ती आमच्या वडिलांची नुसती जागा आहे! थोडी रताळी लावतो मी तिथं."

"आणि रताळी काढली की नांगरून उघडी टाकता," सेन्सेई हळू आवाजात म्हणाल्या. "नांगरटही वरून खाली. नांगराच्या प्रत्येक तासाची घसरगुंडी होते."

"उभं का नांगरतोस पण?" तामायोसेनं विचारलं. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

सेइतोकू पुटपुटले, "आडवं नांगरलं की बंदर दिसत नाही. कुणाची होडी आली, कुणाची गेली, काही कळत नाही."

समाजमंदिराचं छप्पर उडायचं तेवढं राहिलं. तामायोसे हसून हसून खुर्चीवरून घसरला. त्याला उचलायला दोन मच्छीमार धावले.

दुसऱ्या दिवशी सेइतोकूंनी तपासणीवरच शंका काढली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सेइतोकूंच्याच हातानं बरण्या भरून घेतल्या आणि पुन्हा तपासल्या. निकाल तोच. उलट या खेपेला सेइतोकूंच्या रताळ्याच्या वेलाचं एक मूळही बरणीत निघालं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सेइतोकूंना अचानक खोकला झाला. बाहेर येऊन बघतात तो हात्सुएनं पोशाख इस्त्री करून टांगून ठेवलेला.

बंदरावर तोबा गर्दी. उसवाले डबे घेऊन सहकुटुंब आले होते. सेइतोकू पाण्यात शिरले आणि छातीवर हनुवटी टेकवून काहीतरी बोलले.

"मागच्या रांगेला ऐकू आलं नाही!" तामायोसे ओरडला.

सेइतोकूंना असं आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. ते चिडले आणि त्यांनी माफीची अशी आरोळी ठोकली, की शर्यतीच्या होड्यांना वाटलं इशारा झाला, आणि दोन होड्या निघूनही गेल्या. त्या गोंधळात ते मागे वळले आणि पायाला पोवळ्याचा एक गोल धोंडा लागला. लहानपणी याच धोंड्यावर उभे राहून ते पोहायला शिकले होते. त्यांनी वाकून हात फिरवला. लाल धुरळा उठला आणि त्यांच्या सणाच्या बाह्यांवर बसला. खालचा धोंडा बराचसा मेलेला होता. फक्त एका कडेला तळहाताएवढा जिवंत तुकडा शिल्लक होता.

"चुकलो रे," ते म्हणाले. हे अगदी हळू होतं, पण पुन्हा मोठ्यानं म्हणायला कुणी सांगितलं नाही.

वाळा लावायच्या दिवशी उसवाले गंमत बघायला आले. चेअरमनांनी पहिली रांग इतकी वाकडी लावली, की तामायोसेला बघवेना. "बाजूला हो! होडी वल्हवतोयस का?" म्हणत त्यानं कुदळ हातात घेतली. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव त्या उतारावर होतं. उताराला आडवी नांगरट, खालच्या बांधावर वाळा, पावसाळ्यात जमीन उघडी टाकायची नाही, असा नियम पुढच्या सभेत विरोधाशिवाय मंजूर झाला. चेअरमननं सणाचा पोशाख भिजवल्यावर "मला जमणार नाही" म्हणायची सोय कुणाला उरली नव्हती.

पुढच्या पावसाळ्यांत त्या ओहोळाची माती पुष्कळ घटली. सेन्सेईंनी आकडे दाखवले तेव्हा सेइतोकूंनी विचारलं, "म्हणजे पोवळी बरी झाली?"

"अजून सांगता येत नाही. पोवळ्यांना घाई नसते."

"मला आहे ना!"

"तुमच्यासाठी वेगळं संशोधन करावं लागेल," बाई म्हणाल्या.

ही हकिगत आसपासच्या बेटांवर पसरली आणि सेइतोकूंना भाषणाची बोलावणी येऊ लागली. ते सुरुवातच करायचे, "मी गुन्हेगार आहे!" दर भाषणात गुन्हा वाढत जायचा. एका ठिकाणी तर त्यांनी एकट्यानं अर्धा समुद्र बुजवला. तेव्हा पहिल्या रांगेतून हात्सुए म्हणाली, "अहो, एवढी जमीन आपली असती तर मी कधीच मोठं घर बांधलं नसतं का?"

त्याच सभेत तिथल्या सोसायटीचे चेअरमन ताडकन उठले. आवाज सेइतोकूंसारखाच. "आमच्याकडे संशोधनबिंशोधन काही नको! सगळा दोष उसवाल्यांचाच आहे!"

सेइतोकू व्यासपीठावरून उतरले, त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि अगदी मायेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचं शेत कुठल्या बाजूला आहे हो?" त्यांनी विचारलं.