तांडेलांची बस

बसच्या गळक्या टपावर चढायला तांडेलांना जेवढा वेळ लागे, तेवढ्यात आम्ही बायका बोंबील वाळत घालून चुलीकडे परतायचो. आधी ते शिडी लावत, हलवून बघत, तिच्या पायाशी दगड ठोकत आणि वरचं टोक खिडकीच्या गजाला बांधत. मग टपावरून एक दोर पलीकडे टाकून तो माडाला बांधायचा, अलीकडचं टोक आपल्या कमरेला. एवढं झाल्यावर वर जाऊन पत्रा हाताने चाचपायचा. दंवाने ओला लागला, की मुकाट्याने खाली. मी घिवलीत नवी सून होते, मला हसू यायचं. होडीच्या डोलकाठीवर चढलेला माणूस बसला भितो, असं एकदा बोलूनही गेले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तितं खाली पानी व्हतं, पोरी. हितं दगड हाय. मी पडलो तं तुज्या काकीला कोन बघंल?"

आता तुम्ही म्हणाल, माणूस बसमध्ये राहायचाच का? तर एका तुफानात त्यांची होडी आणि किनाऱ्यावरची झोपडी दोन्ही गेल्या. मग त्यांनी मोडीत निघालेली एक बस घेतली, बाकडी काढून आत खाट टाकली, चूल मांडली. जावई मनोरचा, ड्रायव्हर. काही महिने त्याने ती चालवली. तांडेल आणि काकी सुकी मासळी घेऊन मनोर, पालघरचे बाजार करायचे आणि दिवस मावळेल तिथे झोपायचे. काकीला त्या फिरतीचं फार कौतुक. मग आमच्या मासळी वाळवायच्या खळ्याशेजारी इंजिन जे बसलं, ते उठलंच नाही. जावई पुन्हा लॉरीवर गेला.

काकीला दमा होता. अंथरूण कोरडं ठेवा, एवढंच डॉक्टर सांगायचे. लेक म्हणे, आईला मनोरला नेते. तांडेल जावयाच्या दारात राहायला तयार नाहीत आणि काकी त्यांना सोडून जायला तयार नाही. म्हणजे छप्पर टिकलं, तरच दोघं एकत्र. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांच्या दोराला पुढे मी कधी हसले नाही.

शिडी धरायला मलाच हाक यायची. "वर बघू नको. वर बघशील तं हात सुटंल." स्वतः ते पत्र्यावर कधी पाय देत नसत. आडव्या बरगड्यांवर फळी टाकून, तिच्यावर गोणपाट पसरून पालथे पडून काम करायचे. आणि काम झाल्यावर वरच थोडा वेळ बसून राहायचे. म्हणायचे, चढताना सगळेच शहाणे असतात, पाय घसरतो तो उतरताना.

पण दुरुस्ती करायचे ती होडीची करावी तशी. तेलात भिजवलेला कापूस फटीत ठोकायचा, वरून राळ. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फट मिटते; पत्रा कसला फुगतोय? खाऱ्या वाऱ्याने तो गंजायचा, एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं. आणि टपाच्याही आधी दर वर्षी ते बसखाली शिरून तळाला डांबर फासायचे, सवयीने. दारातसुद्धा होडीच्या काठासारखी उभी फळी ठोकलेली, पाणी आत येऊ नये म्हणून.

त्या पावसाळ्यात टप जागोजागी गळला. तळातून मात्र थेंब बाहेर जाईना. सकाळी बघते तर काकी खाटेवर पाय वर घेऊन बसलेली, खाली भांडी तरंगताहेत आणि तांडेल डब्याने पाणी उपसताहेत. आमचे हे म्हणाले, "काका, तळाला एक भोक पाडू. गिरमिट आनतो."

तांडेलांचा हात थांबला. "तळाला भोक? माज्या हातानं?"

खोकता खोकता काकी म्हणाली, "अवो, आपन काय बुडत नाय. आपन भिजतो."

ते ऐकूनही ते उपसतच राहिले. दिवसभर उपसायचे, रात्रीत पुन्हा भरायचं. काकीचा श्वास घरघरायला लागला, तशी लेक येऊन तिला मनोरला घेऊन गेली. जाताना काकी मला म्हणाली, "शिडी धर गो त्यांची." एवढंच.

पाऊस सरायच्या आत काकी तिथेच वारली. तिचे दिवस करून तांडेल मनोरहून परतले ते आमच्याच ओसरीवर निजायला लागले. उपसणं बंद. बस आतून भरत राहिली. एका सकाळी त्यांनी ह्यांना गिरमिट मागितलं, हातात घेतलं आणि परत दिलं. "तूच पाड रे. माजा हात चालत नाय."

ह्यांनी खाली शिरून भोक पाडलं. तांडेल समुद्राकडे तोंड करून बसले होते. पाणी वाळूवर बराच वेळ पडत राहिलं. आवाज थांबला तेव्हा ते वळले, ओल्या वाळूकडे बघितलं.

"येवडंच करायचं व्हतं," म्हणाले.