पैठणीवर बूट

बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत रविवारी सकाळी पार्किंगमधून जाणाऱ्याला नागोरावांचे आधी पाय दिसत. उरलेले नागोराव गाडीखाली असत. नुसत्या पायांवरून त्यांची मनःस्थिती ओळखायला लोक शिकले होते. अंगठे हलत असले की नट सुटला, ताठ झाले की सुटत नाही, आणि दोन्ही पाय एकदम हवेत उडाले की तेल डोळ्यात गेलं. सोसायटीचे चेअरमन दूध घेऊन येताना थांबून विचारत, "काय नागोराव, आज दुरुस्त होतेय की आणखी बिघडतेय?" गाडीखालून उत्तर येई, "पान्हा द्या." चेअरमन पान्हा न देता निघून जात.

गाडी चंदेरी रंगाची, लांबलचक, मागे भलीमोठी डिकी असलेली. पहिल्या मालकाने ती वापरली, दुसऱ्याने पिळून काढली, आणि तिसरे हे नागोराव, यांनी तिला जीव लावला. वसमतकडच्या खेड्यातून पुण्यात आलेले, हडपसरच्या कारखान्यात लेथवर हात काळे केलेले नागोराव. डिकी नसलेली गाडी त्यांना शेपूट नसलेल्या गाईसारखी अर्धवट वाटे. आणि आपली गाडी दुसऱ्याच्या हातात देणं हे तर त्यांना जमण्यातलंच नव्हतं. ऑइल बदलायचं, प्लग साफ करायचे, ब्रेकच्या पट्ट्या घालायच्या, सगळं स्वतः. फोनवर व्हिडिओ लावायचा, फोन टायरला टेकवून ठेवायचा, आणि व्हिडिओतला माणूस पुढे गेला की त्याच्यावर ओरडायचं, "अरे थांब की जरा!"

"बाबा, प्लीज," लेक नम्रता म्हणे, "सर्व्हिस सेंटर नावाची गोष्ट असते. तिथे एसी असतो, कॉफी देतात."

"कॉफी आपल्याकडं पण हाय की," वॉचमन दत्तोबा मध्येच म्हणत. नागोरावांची बाजू घेणारा सोसायटीतला हा एकमेव माणूस. दत्तोबांना पान्हे ओळखू येत नसत, पण मागितलेला सोडून बाकी सगळे ते तत्परतेने देत.

इतकं सगळं असूनही नागोराव सुखी नव्हते. कारण ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी होती.

त्याचं असं झालं. मागच्या उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नाला निघताना नागोरावांनी आदल्या दिवशी स्वतः नवी बॅटरी बसवली आणि कौतुकाच्या भरात तिची एक वायर घट्ट करायची विसरले. भर स्वारगेट चौकात गाडी जी गप्प झाली ती बोलेचना. मागे हॉर्नचा कल्लोळ. स्टीअरिंग धरायला नागोराव हवेत, म्हणजे ढकलायला उरल्या त्यांच्या पत्नी द्वारकाबाई, अंगावर पैठणी, केसांत गजरा. त्यांनी ढकललीही. चपलेचा अंगठा तुटला, पाय घसरला, आणि शेजारच्या बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून सल्ला दिला, "मावशी, काकांनाही उतरवा, हलकी होईल."

एक चप्पल हातात घेऊन द्वारकाबाई रिक्षात बसल्या. बसताना एवढंच म्हणाल्या, "या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

आणि नाहीच ठेवला. बाजाराला रिक्षा, देवाला रिक्षा. एकाच बारशाला दोघं निघाले तर पुढे रिक्षात द्वारकाबाई आणि मागे रिकाम्या गाडीत नागोराव अशी वरात निघे. सिग्नलला दोघांची नजरानजर होई. रिक्षावाला विचारी, "ताई, ती गाडी आपल्या मागं लागलीय का?" द्वारकाबाई म्हणत, "लागलीय. लग्न झाल्यापासून."

नागोरावांना हसू येई आणि वाईटही वाटे. फार वाईट वाटे. गाडी त्यांनी घेतली होती ती काही एकट्याने फिरायला नव्हे. दर रविवारी सगळं काम संपलं की ते ती डावीकडची सीट पुसत. तिच्यावर धूळ बसलेली त्यांना पाहवत नसे.

मग दसरा आला.

सोसायटीतल्या बाकीच्या गाड्यांना बाहेरून हार, बाहेरून कुंकू. नागोरावांचं तसं नव्हतं. कारखान्यात खंडेनवमीला मशीनचं झाकण उघडून पूजा करायची रीत. त्यांचा जुना फोरमन म्हणायचा, तोंड मिटलेलं मशीन नैवेद्य खाणार कसं? त्यामुळे नागोरावांनी बॉनेट उघडलं, इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, आणि आत एक सपाट जागा बघून खोबऱ्याची वाटी ठेवली, तिच्यात गुळाचा खडा. द्वारकाबाईंनी निरांजन ओवाळलं. गाडीत बसायचं नसलं म्हणून काय झालं, लक्ष्मीला ओवाळायचं नाही असं थोडंच आहे.

ओवाळता ओवाळता त्या थबकल्या. आतलं सगळं लख्ख होतं. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखं.

"खडकवासल्याला कणीस खाऊन किती दिवस झाले," त्या ताटाकडे बघत म्हणाल्या. "येते मी आज."

नागोरावांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाशी बोलते की काय म्हणून.

"पण एक सांगते. मध्येच बंद पडली, तर उद्या विकायची. मग कुरकुर चालायची नाही."

"मंजूर!" नागोराव ओरडले, धाडकन बॉनेट लावलं आणि शर्ट बदलायला जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढत वर गेले.

खाली आले तेव्हा द्वारकाबाई गाडीपाशी उभ्या होत्या. तीच पैठणी, ताजा गजरा, आणि पायात नम्रताचे जुने गुलाबी स्पोर्ट्स शूज.

"हे काय घातलंस?"

"बूट."

"ते दिसायलंय. कशाला?"

"चला आता. उशीर व्हायलाय."

कशाला म्हणजे काय, उघड होतं. बाई अर्ध्या रस्त्यातून चालत घरी यायच्या तयारीने निघाली होती. एवढाही भरवसा नाही! नागोरावांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दत्तोबांनी गेट उघडून सलाम ठोकला. पंतप्रधानांचा ताफा निघावा तसा.

आणि काय सांगावं, गाडी अशी चालली, अशी चालली! स्वारगेटचा चौक आला तसा नागोरावांनी श्वास रोखला. चौक गेला तसा सोडला. सिंहगड रोडला लागल्यावर द्वारकाबाईंनी काच खाली केली. मग सीट जराशी मागे सरकवली. मग चक्क गुणगुणल्या. नागोरावांना उगाचच हॉर्न वाजवावासा वाटला, तो त्यांनी वाजवला, आणि पुढच्या स्कूटरवरच्या आजोबांनी वळून विचारलं, "काय, पुढे उडून जाऊ का?"

"नको, नको, बसा!" नागोराव हसत म्हणाले. त्यांना आज कुणाचाही राग येणार नव्हता.

तेवढ्यात वास आला.

नागोरावांना आधी आला. त्यांनी हळूच आपल्या बाजूची काच वर केली. द्वारकाबाईंचं गुणगुणणं थांबलं.

"कशाचा वास यायलाय?"

"बाहेरचा हाय."

"जळका यायलाय."

"दसरा आहे. कुणीतरी काहीतरी जाळत असेल."

"दसऱ्याला?"

क्लच प्लेट, नागोराव मनात म्हणाले. नाही, ऑइल. नाही, वायरिंग. गेली माझी गाडी. तोवर बॉनेटच्या फटीतून निळसर धुराची एक बारीक रेघ वर आली आणि दोघांच्या मधोमध काचेवर डोलू लागली. आता बाहेरचा म्हणायची सोय राहिली नाही. नांदेड फाट्याजवळ त्यांनी गाडी कडेला घेतली.

"बंद पडली," द्वारकाबाई म्हणाल्या.

"पडली नाही. म्या थांबवली. ऐक, इंजिन चालू हाय अजून!"

त्यांनी ते बंद केलं आणि उतरले. क्षणात माणसं जमली. एकाने रेडिएटर सांगितला, दुसऱ्याने ब्रेक लागून राहिल्याचं निदान केलं, तिसरा म्हणाला डिझेलची असती तर असं झालं नसतं. मघाचे स्कूटरवाले आजोबाही येऊन टेकले. "मगाशी हॉर्न वाजवत होतात, आता धूर करताय. सणाची हौस दांडगी आहे." नागोराव बॉनेट उघडून आत बघत होते. त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं, कारण डोळ्यात पाणी आलं होतं, आणि ते धुराचं नव्हतं.

द्वारकाबाई उतरल्या. गुलाबी बुटांनी गर्दीतून वाट काढत आल्या, वाकल्या आणि दीर्घ श्वास घेतला. आमटीच्या वाटणासाठी आयुष्यभर मसाला भाजलेलं नाक ते.

"खोबरं करपलंय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"खोबरं! नैवेद्याची वाटी कुठाय?"

नागोरावांनी डोक्याला हात लावला. मंजूर म्हणून ओरडताना बॉनेट लावलं ते आत देवाचा प्रसाद तसाच ठेवून! वाटी कुठल्यातरी वळणावर घरंगळून सायलेन्सरच्या पाइपावरच्या पत्र्यावर जाऊन बसली होती आणि तिथे निवांत भाजली जात होती. गुळाचा तर पाक झाला होता. शेजारी झेंडूची दोन फुलं, चिवड्यातल्या कढीपत्त्यासारखी कुरकुरीत.

आधी द्वारकाबाई हसल्या. मग पदर तोंडाला लावून हसल्या. मग हसू आवरेना म्हणून मडगार्डला धरून उभ्या राहिल्या. नागोरावही हसू लागले, गर्दीही हसू लागली. गाडीत पडलेल्या फडक्याने द्वारकाबाईंनी वाटी उचलली, करपलेलं खरवडून टाकलं आणि मधला बदामी झालेला भाग मोडून प्रत्येकाच्या हातावर ठेवला, आणि बंद पडली तर विकायची ठरली होती हेही सांगून टाकलं. स्कूटरवाल्या आजोबांनी तुकडा चावून बघितला.

"भाजणी बरी आहे," ते म्हणाले. "गाडी विकू नका."

किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली.

धरणाच्या काठावर कणीस खाताना नागोरावांची नजर पुन्हा बुटांवर गेली. मनातला सल काही जाईना.

"द्वारका, खरं सांग. चालत घरी जायला घातले होतेस ना हे?"

द्वारकाबाईंनी कणसाला लिंबू चोळलं.

"चालत? इथून बिबवेवाडीला? येड लागलंय का मला?"

"मग?"

"ढकलायला," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी चपलेनं पाय घसरला. नाहीतर तेव्हाच सुरू झाली असती तुमची गाडी."