हललेल्या माना

अर्थशास्त्राचे सर फळ्यावर आलेख काढून वळतात आणि विचारतात, “कळलं ना?” सगळा वर्ग मान हलवतो. मीही हलवते, पण मला कळलेलं नसतं. आज मी फळ्याऐवजी शेजारच्या मनीषाकडे बघत होते. तिची मान जरा जास्तच जोरात हलत होती आणि वहीचं पान कोरं होतं.

गावच्या शाळेत आम्ही “हो गुरुजी!” असं ओरडायचो. होकार जितका मोठा, तितकी मधली सुट्टी लवकर. तीच सवय इथवर आली असेल का? की सगळ्यांना खरंच कळतं आणि मागे राहिले ती मी एकटीच? परीक्षा तर पंधरा दिवसांवर आलीय.

तासानंतर मी मनीषाला भीतभीत विचारलं, “तुला कळलं का गं?”

“छे! तू हलवलीस म्हणून मी हलवली.”

आमचे आप्पा शाळेत गेलेले नाहीत. कॉलेजात काय शिकवलं ते मी रोज फोनवर सांगते आणि ते “कळलं, कळलं” म्हणतात. आज मला त्याचाही संशय आला. “काय कळलं, आप्पा?”

ते म्हणाले, “तुला कळतंय, एवढं कळलं.”

उद्या वर्गात हात मलाच वर करावा लागणार.