फाटकावरची कॅसेट

आमच्या डीजेची गाणी मला भाकरी थापता थापता पाठ झाली. मालक, म्हणजे आमचे हे, प्रत्येक सुपारीआधी अंगणात स्पीकरचे बॉक्स लावून तपासतात. कोणत्या गाण्याला कोणाचा पाय हलतो, हे मी चुलीपाशी बसून ओळखते.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं अट घातली. "आई, माझ्या हळदीला तू नाचायचं. न्हाईतर मी हळदच लावून घेणार न्हाई."

चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून मी चार माणसांपुढं कधी उभी राहिले नव्हते. तरी लेकीपुढं मी हो म्हटलं.

नवरदेव दौंडचा. त्याची उष्टी हळद आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. मांडवात बायका जमल्या आणि फोन आला, हळद आणणाऱ्या बायकांची गाडी वाटेत न्हावऱ्याजवळ बंद पडली. मालकांनी टेम्पोची चावी उचलली.

"मी घेऊन येतो. तवर लोकांना उठू देऊ नको. डीजे तू बघ."

"मी?"

"रोज ऐकतीस की! दुसरं कोन बघनार?"

मला तर बरंच वाटलं. बॉक्सच्या मागं बसलं की कोणाला दिसायचं नाही आणि नाचायचंही टळलं.

सासूबाई पेंगायला लागल्या होत्या. त्यांच्यासाठी मी संबळ लावलं. त्या ताठ बसून मांडीवर ठेका धरायला लागल्या. धाकटी जाऊ साडीवरून रुसली होती. तिला ठसक्याची लावणी लावली. आधी तिनं तोंड फिरवलं, मग पदर खोचला. वाडीवरच्या मामांसाठी धनगरी ढोल लावला, तर ते काठी टाकून रिंगणात आले.

"कोन लावतंय गानी? आज डीजेला अक्कल आलीया!" मामा ओरडले. बॉक्समागं मी तोंडाला पदर लावून हसत होते. लेक सासरी निघाल्याची रडकी गाणी मात्र मी मुद्दाम लावली नाहीत. मलाच झेपली नसती.

टेम्पो आला. दौंडच्या बायका हळदीची वाटी घेऊन पुढं झाल्या. लेकीनं दोन्ही हातांनी गाल झाकले. "आधी आई नाचंल."

सगळा मांडव मला शोधायला लागला. मालक बॉक्समागं आले. "ऊठ, माझी खुर्ची दे," म्हणाले आणि त्यांनी आमच्या वरातीची कॅसेट लावली. म्हणजे कॅसेट कधीच खराब झाली, पण त्याआधी त्यांनी ती पेन ड्राईव्हवर उतरवून घेतली होती.

माझं माहेर दौंडजवळ, रुळांच्या पलीकडं. आमची वरात रेल्वे फाटकात अडकली होती. मालगाडी काही संपेना, म्हणून बँडवाल्यांनी तिथंच वाजवायला सुरुवात केली आणि सगळं वऱ्हाड नाचलं. मी नवरी, जीपमध्ये मान खाली घालून बसले होते. पायाची बोटं तेवढी चपलेत नाचत होती. त्या बँडच्या मधेच इंजिनचा भोंगा टेप झालाय. मालक ते लावून बॉक्स तपासतात तेव्हा मी हातातलं पीठ तसंच घेऊन दारात येते. हे त्यांनी कधी पाहिलं, कोण जाणे.

लेकीनं मला ओढून मधे नेलं. माझे पाय जमिनीला चिकटले. तेवढ्यात तो भोंगा वाजला, अगदी कानाशी.

"सरका, सरका, गाडी आली!" मामांनी दोन म्हाताऱ्यांना बाजूला खेचलं. आमच्या शिरूरला रेल्वे कुठली! तरी सगळा मांडव वळून रस्त्याकडं बघायला लागला. मग जो हशा पिकला, त्यात माझ्याकडं कोणाचं लक्षच नव्हतं.

मी पाय उचलला. मग दुसरा. मग हातही वर गेले. लोक कधी वळून बघायला लागले ते मला कळलंच नाही. लेकीनं गालावरचे हात काढून टाळ्यांचा ठेका धरला. बँड संपला तशी मीच मालकांकडं बघून ओरडले, "परत लावा!"

सासूबाई वाटी दाखवत होत्या. "अगं ए, हळद वाळली! नाच पुरं कर की आता!"