प्लसला टेकलेला काटा

इन्व्हर्टरच्या बॅटरीतून परवा सडक्या अंड्यांचा वास आला आणि मला नागभीडजवळची मामाची धानाची बांधी दिसली. तिथल्या चिखलात त्याचा जुना छोटा ट्रॅक्टर धडधडत होता. रेग्युलेटर बिघडल्यामुळे डायनॅमो भरलेल्या बॅटरीतही वीज कोंबत होता. मामा मात्र चार्जिंगच्या मीटरचा प्लसला टेकलेला काटा पाहून खूश. "पाह्य, मस्त चार्ज होऊन राह्यली!" मग तो वास सुटला. इंजिन बंद करून मामाने बॅटरीची बुचं काढली, आत पाणी दिसेना म्हणून काडी ओढली. मी नाक दाबून मागेच उभी होते. स्फोटात मामाचा डोळा गेला. अजूनही तो मलाच समजावतो, "तुले काय मालूम होतं, बाई?" बॅटरीतला वायू पेट घेतो, हे मी त्याच आठवड्यात कॉलेजात शिकले होते, मामाला शिकवायचं कसं, म्हणून गप्प राहिले. अजूनही गप्पच आहे.