खडूवरची काळी रेघ

महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत ईश्वरदास बंदुका दुरुस्त करायचा. बायको, मैनाबाई, गेल्यापासून माणूस असा एकटा पडला होता की गिऱ्हाईक आलं तर त्याला उठूच द्यायचा नाही. पण बंदुकवाल्याकडे येऊन येऊन येणार कोण? लायसनवाले शेतकरी, तेही वर्षातून एखाद्या वेळी. बाकी दिवसभर कानस आणि तो.

एकाहत्तर साली पोळ्याच्या सुमारास गिरिधर आला. रेल्वेत फिटर, कुहीकडे धानाची शेती आणि शेतात रानडुकरांचा उच्छाद. वडिलांची जुनी लष्करी रायफल त्याने आणली होती. तिची गोळी साध्या माणसाला मिळत नाही, म्हणून नळी बदलून ती शिकारीच्या गोळीची करायची होती. परवानगीचा कागद खिशात होताच. त्या दिवसापासून ड्यूटी सुटली की गिरिधर सायकल लावून दुकानात बसू लागला. बोलायचा तर इतका, की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हावा! ईश्वरदासच्या जिवात जीव आला.

"झालं का गा?"

"होऊन राहिलं."

होऊन कसलं राहिलं! नळी केव्हाच बसली होती. पण रायफल गेली की गिरिधरही जाणार, म्हणून हा गडी रोज नवी खोड काढायचा. कधी स्प्रिंग ढिली, कधी लाकडी दस्ता हलतो. लबाडी होती, चक्क लबाडी. पण सांजेला दुकानात कुणी हसलं की त्याला घरी जायला बळ यायचं, त्याला तो तरी काय करणार?

दिवाळी आली, धान लोंबीवर आलं आणि गिरिधर वैतागला. "डुकरं सारं खाऊन राहिले गा. आता देऊन टाक."

ईश्वरदासचा एक नेम होता. नळी बदललेली बंदूक तो पहिल्यांदा कधीच हातात धरून उडवायचा नाही. चांदमारीच्या मैदानावर नेऊन जुन्या टायरला बांधायची, लांबून दोरी ओढायची. मग दुकानात आणून तिला तेल लावायचं, कोरडी पुसायची आणि वर खडूची भुकटी चोळायची. कुठे भेग असली तर आत मुरलेलं तेल खडूवर उमटतं.

उमटलंच. गोळीला मागून दाबून धरणारा बोल्ट जिथे अडकतो नेमकं तिथे, केसाएवढी काळी रेघ. पुन्हा पुसलं, पुन्हा चोळलं, पुन्हा तीच. नळी नवी होती, पण रायफलचं जुनं अंगच चिरलं होतं आणि त्याला इलाज नव्हता. पुढच्या एखाद्या बाराला बोल्ट मागे उडणार, तो थेट उडवणाऱ्याच्या तोंडावर.

संध्याकाळी गिरिधर हसतच आला.

"गिरिधर, हे बंदूक बाद झाली गा. फुटन. तुहा डोया जाईन."

गिरिधरचं हसू मावळलं. "काल स्प्रिंग, परवा दस्ता, आज रेघ! मले येडा समजून राहिला का? तुले सोबतीले माणूस पाहिजे, म्हणून बंदूक अडकवून ठेवली तू."

ईश्वरदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आधीचं खोटं होतं गा. हे खरं हाय. हे पाय."

"खडूच्या रेघा मलेही ओढता येतात. आन इकडं. उद्या वावरात चालवून पाहतो."

त्याने हात पुढे केला. ईश्वरदासने त्या हाताकडे पाहिलं. मग वळला, ग्राइंडर चालू केला आणि रायफलचं अंग भेगेच्याच जागी फिरत्या चाकावर दाबून धरलं. ठिणग्या उडाल्या.

"अरे, माह्या बापाची हाय ते!" गिरिधर ओरडला, धावला. तोवर आरपार खाच पडली होती.

गिरिधर त्या खाचेवरून बोट फिरवत उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "तुहं तोंड पाहाचं नाही मले आता," म्हणाला आणि रायफल घेऊन गेला.

ईश्वरदास त्या रात्री जेवला नाही. पुढे कितीतरी दिवस दुकानात कुणी आलं नाही. गिरिधरचा रस्ता मात्र त्याच गल्लीतून होता. संध्याकाळी सायकलची घंटी वाजली की ईश्वरदास कानस खाली ठेवायचा आणि दारात येऊन उभा राहायचा. गिरिधर समोर बघत निघून जायचा, मान म्हणून वळवायचा नाही. ईश्वरदास त्याचे डोळे बघून घ्यायचा. दोन्ही शाबूत असायचे.