सुरई कुणाची?

मी प्राणिशास्त्र शिकवायचो त्या कॉलेजात प्रयोगशाळा झाडायला एक मावशी येत. बोलणं ठसक्यातलं, प्रत्येक वाक्याला "व्हय का नाय?" जोडलेलं. कपाटात एका पक्ष्याचं चिखलाचं घरटं होतं, सुरईसारखं, लांब मानेचं. शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "तारवाली भिंगरी." मावशी रोज कपाट पुसून झालं की ती चिठ्ठी उलटी करून ठेवत.

एकदा मी चिडलो. "मावशी, हे काय चालवलंय?"

"गलत लिवलंय, सर. तारवालीचं घरटं उघडं असतंय, अर्ध्या वाटीवानी. ही सुरई लालबुडी भिंगरीची. व्हय का नाय?"

"चिठ्ठी मला शिकवणाऱ्या सरांनी लिहिलीय."

"मग त्यायनी पुलाखाली वाकून पाह्यलं नसंल."

रविवारी त्यांनी मला चिकलठाण्याच्या पुढं एका नाल्याच्या पुलाखाली नेलं. पदर खोचून त्या पाण्यात उतरल्या, मागोमाग मी. वर दोन्ही घरटी होती. उघड्या वाटीच्या काठावर तारेसारख्या शेपटीची भिंगरी बसली होती. तेवढ्यात कमरेवर तांबूस पट्टा असलेली दुसरी आली आणि सुरईच्या मानेतून सरळ आत शिरली.

"दिसली का?" मावशी इतक्या मोठ्यानं हसल्या, की सगळा पूल घुमला.

"दिसली. इतकी वर्षं मी चुकीचं शिकवलं, मावशी."

सोमवारी तासाला मी त्यांनाच वर्गात उभं केलं. फळ्यावर त्यांनी आधी वाटी काढली, मग सुरई, आणि कुठली कुणाची ते पोरांना ठणकावून सांगितलं. मी शेवटच्या बाकावर बसून सगळं वहीत उतरवून घेतलं.